बेळगावच्या लग्नाला आईने यावे म्हणून

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बेळगावच्या लग्नाचा विषय निघाला, तेव्हा बाबा, तुम्ही म्हणालात, "हिला आता कुठे नेता यायचे नाही," आणि आई त्यावर काहीच बोलली नाही. फोनवर या गोष्टी नीट बोलता येत नाहीत. कोणी ना कोणी आसपास असते, आणि लघवीच्या नळीचा उल्लेख आला की आपण तिघेही आवाज उतरवून पावसापाण्याचे बोलू लागतो. म्हणून सवडीने लिहिते आहे. नळीमुळे आईचे बाहेर जाणे थांबावे असे काहीही झालेले नाही; उलट नळी नसती, तर ते खरोखरच थांबले असते.

नळीच्या आधीचे दिवस आठवा. मणक्याच्या दुखण्यात मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा दुखावल्या, आणि शस्त्रक्रियेनंतर पाठ सावरली तरी त्या नसा सावरल्या नाहीत. मूत्राशय भरत असे, पण पुरते रिकामे होत नसे. अशी लघवी साचून राहिली की तिच्यात जंतू वाढतात, मूत्राशय ताणले जाते आणि दाब वर मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकतो. डॉक्टरांनी आधी दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच बारीक नळी घालून लघवी काढून टाकण्याची पद्धत सुचवली होती. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये या पद्धतीचा पुरस्कार केला, आणि ज्याला ती जमते त्याच्यासाठी आजही तीच अधिक चांगली मानली जाते. आईच्या संधिवाताने आखडलेल्या बोटांना ती जमेना, म्हणून कायमची नळी आली. यात तिचा दोष नाही, आणि पराभवही नाही.

बाबा, तुमची खरी भीती मला ठाऊक आहे : चालताना, जिना उतरताना, गाडीत धक्का बसला तर नळी निसटेल. नळीच्या आतल्या टोकाशी एक लहान फुगा असतो. नळी मूत्राशयात पोहोचल्यावर तो साधारण १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्याने फुगवतात आणि तो मूत्राशयाच्या तोंडाशी अडून बसतो. तुम्हाला वस्तूंचा इतिहास आवडतो म्हणून सांगते, बेंजामिन फ्रँकलिन यांनी मूत्राशयातल्या खड्याने हैराण झालेल्या आपल्या भावासाठी १७५२ मध्ये चांदीची लवचिक नळी करवून घेतली होती. फुगा नव्हता तोवर अशी नळी आत ठेवायची तर ती बाहेरून बांधून किंवा चिकटवून ठेवावी लागे. फुग्याची रबरी नळी १९३० च्या दशकात फ्रेडरिक फोली या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी पुढे आणली. डॉक्टर चिठ्ठीवर 'फोलीज' लिहितात ते त्यांच्याच नावावरून. फुगा आहे म्हणजे नळी ओढली तरी चालेल असे मात्र नाही. ओढ बसली की आत जखम होते, म्हणून नळी मांडीला पट्टीने सैलसर अडकवलेली असली पाहिजे. एवढे सांभाळले तर आईने कृष्णाकाठी फिरायला जावे, जिना चढावा, फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम करावेत. नळी तिला अडवत नाही.

आता आईशी थोडे बोलते. आई, तुझी अडचण नळीपेक्षा पिशवीची आहे, हे मला कळते. दवाखान्यातून आणलेली दोन लिटरची युरोबॅग, म्हणजे नळीतून उतरणारी लघवी साठवायची पिशवी, हातात धरून चारचौघांत जायचे, या कल्पनेनेच तू घरात बसलीस. ती पिशवी रात्री खाटेला टांगण्यासाठी आहे. दिवसा पायाला बांधायची वेगळी लेग बॅग मिळते. साधारण अर्ध्या लिटरची घेतली तर पोटरीला दोन पट्ट्यांनी बसते. पँट घालणाऱ्यांना ती लपवायला कसरत करावी लागते. तुझ्या परकराच्या आणि साडीच्या आत ती कोणाला दिसणारही नाही. पट्ट्या फार आवळू नकोस, आणि नळी कुठे दुमडलेली नाही ना, एवढे बघत जा.

हिशेबही करून ठेवला आहे. दिवसभरात दीड ते दोन लिटर लघवी होते असे धरले, तर तासाला सरासरी साठ ते ऐंशी मिलिलिटर होते. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची, म्हणजे ओढ बसत नाही. अर्ध्या लिटरच्या पिशवीला त्यासाठी चार-पाच तास लागतात, आणि मिरजेहून बेळगाव रेल्वेने साधारण तीन तासांवर आहे. आयुष्यभर तू प्रवासाला निघताना आदल्या दिवसापासून पाणी तोडत आलीस. शाळेत बायकांसाठी धड स्वच्छतागृह नव्हते म्हणून सकाळी घोटभर चहावर निघून दुपारपर्यंत कळ काढणाऱ्या तुम्हा शिक्षिकांच्या पिढीविषयी कोणी लिहायला हवे, पण तो विषय निराळा. आता तुला कुठल्याही घाणेरड्या ठिकाणी खाली बसावे लागणार नाही. साडी थोडी वर घेऊन, उभ्यानेच तोटी सोडायची आणि हात धुवायचे. बरोबरच्या बायका रांगेत असतील तेव्हा तू चहा घेत असशील.

आणि एक गोष्ट, जी तू बोलली नाहीस पण मला बाबांकडून कळली. नळी लागल्यापासून तू देवपूजा सोडलीस आणि हळदीकुंकवाला जाणेही टाळलेस, कारण सोवळ्यात ते चालत नाही. आई, ती लघवी आधीही तुझ्याबरोबर देवघरात येतच होती. ओटीपोटात होती तेव्हा चालली आणि पोटरीवरच्या बंद पिशवीत आली म्हणून चालत नाही, हा नियम कुठल्या पोथीत असेल असे मला वाटत नाही. स्नान कर, नळी आणि तिच्याभोवतीची जागा साबणपाण्याने पुढून मागे अशी स्वच्छ धू, कोरडी कर आणि पूजेला बस. आंघोळीसाठी पिशवी काढायचीही गरज नाही. पावडर, मलम, जंतुनाशक द्रव यांतले काही तिथे लावू नकोस. फक्त पाटावर मांडी घालून फार वेळ बसू नकोस. जमिनीवर बसले की पोटरीवरची पिशवी मूत्राशयाच्या पातळीला येते आणि लघवी उतरत नाही. खुर्चीवर बसून पूजा केलेली देवाला चालते, हे गुडघे दुखणाऱ्या निम्म्या सांगलीने केव्हाच ठरवून टाकले आहे.

पातळीची हीच गोष्ट बाबांसाठी. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली राहिली पाहिजे. आईला खाटेवरून खुर्चीत बसवताना तुम्ही पिशवी उशाशी ठेवता, त्या वेळी पिशवीतली लघवी उलटी वाहू शकते. रात्री मोठी पिशवी खाटेच्या कडेला टांगावी, जमिनीवर टेकू देऊ नये. आणि ती जोडताना नळी सोडवायची नाही. पायावरच्या पिशवीच्या तोटीलाच मोठी पिशवी जोडायची, म्हणजे जोड पुन्हा पुन्हा उघडत नाही आणि जंतूंना वाट मिळत नाही. पायावरची पिशवी साधारण आठवड्याने बदलली की पुरते.

याहून महत्त्वाचे आता लिहिते, कारण यात आईचे नुकसान होते आहे. तुम्ही काळजीपोटी दर महिन्याला लघवीची कल्चर तपासणी करता, त्यात जंतू निघतात, मग गोळ्या सुरू होतात, आईची भूक जाते, पोट बिघडते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जंतू निघतात. बाबा, ते निघणारच. नळी महिनाभर आत राहिली की जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. नळीच्या आतल्या बाजूला त्यांचा पातळ थर बसतो आणि औषध तिथे नीट पोहोचत नाही. ताप नाही, त्रास नाही, तर केवळ अहवालात जंतू आहेत म्हणून प्रतिजैविके देऊ नयेत. त्यामुळे औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे मागे उरतात, आणि खरी गरज पडेल तेव्हा हातात काही राहत नाही. लघवी जरा गढूळ दिसली किंवा वास आला, तर पाणी वाढवून पाहा. थंडी वाजून ताप येणे, कुशीत दुखणे, रक्ताच्या गाठी पडणे, आई एकाएकी असंबद्ध बोलू लागणे यांपैकी काही झाले, तर मात्र कल्चरच्या अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी मिरजेचे रुग्णालय गाठायचे. कधी पिशवी जांभळी दिसली तरी घाबरू नका. बद्धकोष्ठ असलेल्या वयस्क स्त्रियांत जंतूंच्या क्रियेने निळे आणि लाल रंगद्रव्य तयार होऊन प्लॅस्टिक जांभळे पडते; दिसायला भयंकर, पण डॉक्टरांना सांगण्यापलीकडे धावपळ करण्यासारखे सहसा त्यात काही नसते.

नळी तुंबते का, हे तुम्हाला माझ्याहून चांगले समजेल. कारखान्यात बॉयलरच्या नळ्यांत क्षार बसतात तसेच हे आहे. काही जंतू लघवीतला युरिया फोडून तिची आम्लता घालवतात, तिला अल्कधर्मी करतात, आणि मग फॉस्फेटचे खडे नळीच्या टोकाशी व आतल्या पोकळीत साचतात. नळी बंद पडेपर्यंत थांबायचे नाही, ठरलेल्या वेळी बदलायची. शुद्ध सिलिकॉनची नळी जास्तीत जास्त बारा आठवडे चालते, साध्या लेटेक्सची त्याआधीच बदलावी लागते. पण आईची नळी किती टिकते, हे आईच्याच नळ्या सांगतील. कारखान्यात ठेवत होतात तशी एक वही घाला : नळी केव्हा घातली, केव्हा काढली, काढलेल्या नळीच्या टोकाशी क्षारांची खर होती का. दोन-तीन बदलांत तिचा क्रम लक्षात येईल, आणि तुंबण्याच्या थोडे आधीची तारीख डॉक्टरांकडून ठरवून घेता येईल. पिशवीत दोन-तीन तास काहीच आले नाही आणि ओटीपोट दुखू लागले, तर आधी नळी दुमडली आहे का, पिशवी वर आहे का ते पाहायचे. तरीही लघवी उतरली नाही, तर लगेच नळी बदलून घ्यायची.

कधीकधी नळीच्या बाजूने गळते, त्याने आईला फार ओशाळल्यासारखे होते. तिथे मोठ्या आकाराची नळी घालून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर मानू नका. गळण्याचे कारण बहुधा मूत्राशयाचे आकुंचन, दुमडलेली नळी किंवा तुंबलेले पोट असते, आणि जाड नळीने स्त्रियांचा मूत्रमार्ग आणखी सैल होतो. नळीवर छापलेला आकडा ३ ने भागला की तिची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. आईची १४ ची, म्हणजे पाच मिलिमीटरहून थोडी कमी, ती पुरेशी आहे. आकुंचनासाठी औषधे आहेत. पोट साफ राहण्यासाठी पपई, इसबगोल आणि पाणी आहे. जवाचे पाणी, धन्याचे पाणी खुशाल द्या, तेवढेच पाणी पोटात जाते. त्याहून अधिक चमत्काराची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

ओटीपोटातून नळी घालण्याविषयी डॉक्टरांनी विचारले आहे, त्यावर तुम्ही दोघे गप्प आहात. बेंबीखाली लहानसे छिद्र करून नळी थेट मूत्राशयात सोडतात. मूत्रमार्गावर दाब राहत नाही, बसायला सोपे जाते, स्वच्छता आईला स्वतःला दिसेल अशी करता येते. घालताना आतड्याला इजा होण्याचा थोडा धोका असतो, आणि नळी निसटली तर ते छिद्र लवकर मिटते, म्हणून ताबडतोब रुग्णालयात जावे लागते. माझे मत विचाराल, तर वर्षानुवर्षे नळी राहणार असेल तेव्हा हा मार्ग बरा. पण शरीर आईचे आहे, तेव्हा डॉक्टरांसमोर बोलणे आईने करावे आणि आपण दोघांनी ऐकावे.

बेळगावचे असे करू. लग्नाच्या आठवडाभर आधी नळी बदलून घ्या, म्हणजे नव्या नळीने काही कुरकुर केलीच, तर ती घरी असतानाच कळेल. एका पिशवीत त्याच आकाराची जादा नळी, १० मिलिलिटरची सिरिंज, निर्जंतुक पाणी, हातमोजे आणि एक जादा लेग बॅग ठेवा. एका कागदावर नळीचा आकार, फुग्यातले पाणी आणि घातल्याची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या. तेवढ्यावर बेळगावातले कोणतेही रुग्णालय नळी बदलून देऊ शकेल. लेग बॅग मी आधीच पाठवते, म्हणजे आईला चार-सहा दिवस ती बांधून घाटापर्यंत जाऊन येता येईल. मामीला मी फक्त एवढेच कळवते, की आईला पंगतीत खुर्ची आणि खालच्या मजल्यावरची खोली द्यावी. बाकी कोणाला काय सांगायचे ते आईच ठरवेल. नळी बदलण्याची तारीख ठरली की कळवा, मी तिघांची तिकिटे काढते.

तुमची लेक