लग्नातील शास्त्रपाठ एक वचन आधी सुरू करावा

महोदय,

गेल्या महिन्यात पुणे कॅम्पातील एका ख्रिस्ती लग्नविधीला गेले होते. बायबलमधील, पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचे वाचन नेहमीप्रमाणे 22 व्या वचनापासून, म्हणजे स्त्रियांनी आपापल्या पतीच्या अधीन असावे येथपासून, सुरू झाले, आणि जेवताना वराच्या काकांनी नव्या सुनेला हसतहसत सुनावले, “ऐकलंस ना? आता नोकरीचं तो ठरवेल.”

काकांना दोष कसा द्यावा? 21 वे वचन त्यांच्या कानावर आलेच नव्हते. ते साऱ्या मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, एकमेकांच्या अधीन राहण्यास सांगते, आणि जुन्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत 22 व्या वचनाला स्वतःचे क्रियापदही नाही; ते 21 व्या वचनातूनच घ्यावे लागते. पती हा पत्नीचे मस्तक आहे, हे 23 वे वचन मला झाकायचे नाही. परंतु पौलाने त्या मस्तकपणाला माप लावले आहे ते मंडळीसाठी स्वतःला अर्पण करणाऱ्या ख्रिस्ताचे, आणि पतीला केलेला हा उपदेश पत्नीला केलेल्या उपदेशाहून बराच लांब आहे. त्यावरून पंगतीत नवऱ्या मुलाला कोणी टोकल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात स्त्रीला ‘अनुरूप सहकारी’ म्हटले आहे. तेथील ‘एझेर’ हा हिब्रू शब्द स्तोत्रांत साहाय्य करणाऱ्या परमेश्वरालाही लावलेला आहे, तेव्हा त्यातून हाताखालचे माणूस कसे निघते, हे मला उमगत नाही. नीतिसूत्रांच्या 31 व्या अध्यायातील सद्गुणी स्त्री स्वतः शेत पारखून विकत घेते आणि आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते; आमच्या उपदेशांत मात्र तिचे पहाटे उठणे तेवढे उरते.

आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळक? 1895 मध्ये पती, कवी ना. वा. टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी लगोलग घेतला नाही; स्वतःला पटल्यावर, 1900 मध्ये, घेतला. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य पूर्ण केले ते याच लक्ष्मीबाईंनी.

पुण्यातील पाळकवर्गाला विनंती, की लग्नातील वाचन 21 व्या वचनापासून 33 व्या वचनापर्यंत सलग व्हावे आणि लग्नापूर्वीच्या मार्गदर्शनात, पतीने पत्नीवर ख्रिस्तासारखी प्रीती करावी असे सांगणारे 25 वे वचन वराकडून पाठ करून घ्यावे.

– एक ख्रिस्ती वाचक, गुरुवार पेठ, पुणे