खरं मत हवं होतं ना, घ्या

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

पुस्तकांचा विषय निघाला की बाबा, तुम्ही माझ्या दुसऱ्या वाक्यालाच वाद घालता. म्हणून हल्ली वाचलेल्या पुस्तकांबद्दल तुम्ही मागितलेलं खरं मत लिहूनच कळवते. इथे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

सगळ्यात वरचा नंबर गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चा. शाळेत त्याचं नाव फक्त ऐकलं होतं, सलग आत्ता वाचलं. वरसईचा हा कर्जाने पिचलेला भिक्षुक. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडे निघतो आणि नेमका बंडाच्या धुमाळीत सापडतो. जमवलेला पैसा पुन्हा पुन्हा लुटला जातो. झाशी पडली तेव्हा तो शहरातच होता. कत्तल पाहिली तशी लिहितो, आणि आपण जीव मुठीत धरून लपलो होतो हेही लिहितो. शौर्याचा आव कुठेच नाही, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो.

त्यातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही. झाशीतून निसटलेली लक्ष्मीबाई काल्पीच्या वाटेवर त्याला एका विहिरीपाशी भेटते. अंगावर पठाणी पोशाख, सगळी धुळीने माखलेली, तहानेने कासावीस. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका काढू, मीच काढते. मातीच्या मडक्याने पाणी शेंदते आणि ओंजळीने पिते. राज्य गेलं, मागावर फौज आहे, आणि तरी कोणी कोणाला पाणी द्यायचं याचा नियम जागच्या जागी! भटजींना त्यात वावगं काहीच वाटत नाही. मी मात्र तिथे पुस्तक मिटून बराच वेळ बसले.

हे सगळं त्यांनी 1883 च्या सुमारास, म्हणजे पंचवीसेक वर्षांनी आठवून लिहिलंय, तेव्हा प्रत्येक तपशील प्रमाण मानू नये. 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी ते छापताना बरेच फेरफारही केले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. भाषेला थोडा दम लागतो, पण माणूस अस्सल भेटतो. एवढ्या यातायातीनंतर हा घरी परततो तो गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतो. (तुम्ही माझ्याकडून पुस्तकांच्या पार्सलवर भागवा.)

आता भांडणाचा विषय. बाबा, महाभारतावरच्या ज्या जाडजूड कादंबऱ्या तुम्ही दर दोन वर्षांनी पहिल्यापासून वाचता, त्यांच्यापुढे मला इरावतीबाई कर्व्यांचं महाभारतावरच्या लेखांचं ‘युगान्त’ शंभर पटीने मोठं वाटतं. कादंबरीतले वीर पानंपानं स्वगतं म्हणतात आणि आपण रडावं अशी सोय करून ठेवलेली असते. इरावतीबाई भीष्मांनाही सोडत नाहीत. एवढा मोठा त्याग, पण त्याची किंमत कोणी मोजली? अंबेने, गांधारीने, कुंतीने, माद्रीने. हे त्या थंडपणे मांडतात. द्रौपदीवरच्या लेखाच्या शेवटी मात्र त्या स्वतः कल्पनेत शिरतात: हिमालयात कोसळलेली द्रौपदी भीमाला सांगते की पुढच्या जन्मी तू थोरला हो. हे महाभारतात नाही, आपलं आहे, हे त्या लपवत नाहीत. तुमच्या कादंबरीकारांनी एवढं जरी केलं असतं तरी माझी तक्रार निम्मी झाली असती. ‘बाईंचा सूर फार कोरडा’ हे तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. असू दे कोरडा.

हरारींचं माणसाच्या इतिहासावरचं ‘सेपियन्स’ मी अर्ध्यावर सोडलं. शेती ही इतिहासातली सगळ्यात मोठी फसवणूक, आपण गव्हाला नाही तर गव्हानेच आपल्याला माणसाळवलं, हे पहिल्यांदा वाचताना चमकायला होतं. पण दर पानावर तीच ऐट. हजारो वर्षं तीन वाक्यांत उडवायची आणि शंकेला जागा ठेवायची नाही. यशस्वी कसं व्हावं छापाचं एक पुस्तक ऑफिसातल्या एकाने आग्रहाने दिलं होतं, त्यावर शाई खर्च करत नाही.

आई, तुला रहस्यकथावाल्या अगाथा ख्रिस्तीबाई आवडतात म्हणून सांगते, 1926 सालचं रॉजर अ‍ॅक्रॉइडचं पुस्तक पुन्हा वाच. खुनी कोण हे माहीत असताना दुसऱ्यांदा वाचण्यात खरी गंमत आहे. बाईने सगळं आपल्या नाकासमोर ठेवलेलं असतं. बाबांनी अजून वाचलेलं नाही, तेव्हा त्यांच्यासमोर चकार शब्द काढू नकोस.

कोरियन लेखिका हान कांगची कादंबरी ‘द व्हेजिटेरियन’ मी तुम्हाला देणार नाही. वाईट आहे म्हणून नव्हे. एक बाई मांस सोडते, एवढंच निमित्त, आणि घरचे तिच्यावर तुटून पडतात. गोष्ट सांगतात नवरा, बहिणीचा नवरा आणि बहीण यांच्या बाजूने. तिची स्वतःची बाजू फक्त स्वप्नांच्या तुकड्यांत. बाप तिच्या तोंडात मांस कोंबायला बघतो, ते वाचून मला झोप लागली नाही. मधला भाग मात्र लेखिकेलाच फार आवडलाय असं वाटलं, मला तो ओढूनताणून आणलेला वाटला.

अरुण कोलटकरांचा कवितासंग्रह ‘भिजकी वही’ उशाशी आहे. हिपाशिया, कासांद्रा, जगभरच्या बायकांची रडणी. एका बैठकीत दोन पानांपलीकडे मी जात नाही.

शेवटी अतुल गावंडेंचं ‘बीइंग मॉर्टल’. हे तुम्ही दोघांनी वाचावं असं वाटतं, आणि वाटतं म्हणूनच इतके दिवस बोलले नाही. म्हातारपण आणि मरण यांच्याबद्दल एका सर्जनने लिहिलेलं आहे, पण रडकं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृद्धाश्रमात 1991 साली एका तरुण डॉक्टरने दोन कुत्रे, चार मांजरं आणि शंभर पक्षी आणले. पिंजरे यायच्या आधीच पक्षी येऊन पोचले! सगळा गोंधळ, आणि न बोलणारी माणसं बोलायला लागली. बाबा, तुम्ही तिथे असता तर पहिली तक्रार तुमचीच असती.

गावंडेंचे आजोबा आपल्याकडचे शेतकरी, जवळजवळ एकशेदहा वर्षं जगले, भरल्या घरात. हे ते आपुलकीने लिहितात. अशा व्यवस्थेत तरुणांची कुचंबणा होते हेही सांगतात, पण रोजची सेवा ज्या बायका करत असतील त्यांच्याबद्दल मला आणखी वाचायचं होतं. तेवढं सोडलं तर पुस्तक पक्कं आहे. त्यातल्या एका लेकीने मोठ्या ऑपरेशनच्या आधी वडिलांना विचारलं, काय करता आलं तर जगणं तुम्हाला पुरेसं वाटेल? ते म्हणाले, चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आला तर पुरे. प्राध्यापक माणूस! लेकीला वाटलं होतं भलतंच काही म्हणतील. पुढे मध्येच निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा तिने डॉक्टरांना तेवढंच विचारलं.

मला तुम्हा दोघांची उत्तरं हवी आहेत, वेगवेगळी. आई, बाबांचं आधी वाचून ‘माझंही तेच’ असं लिहायचं नाही. आणि बाबा, ‘अजून वेळ आहे’ हे उत्तर धरलं जाणार नाही. कुठल्याही दवाखान्याच्या दारात उभं राहून विचारण्यापेक्षा आत्ता, सगळे धडधाकट असताना विचारलेलं बरं.

गोडसे आणि गावंडे एकाच पार्सलमध्ये पाठवते. गोडश्यांचा टाइप बारीक आहे, तेव्हा आई, ते दिवसाउजेडी वाच. आधी कोणी कुठलं घ्यायचं ते तुमचं तुम्ही भांडून ठरवा.

तुमची,
लेक