पेठ-सुरगाण्याच्या आठ मुलींना पोषणशास्त्र शिकवायचं आहे, हातभार लावा

नाशिककर बंधू-भगिनींनो,

गेल्या पावसाळ्यात सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीत आम्ही बसलो होतो. चौदा महिन्यांच्या एका मुलीला लांबी मोजायच्या फळीवर निजवलं होतं. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी अशी आडवं निजवूनच घेतात. बाळ रडत होतं, आई डोकं धरून होती. सेविकाताईंनी सरकती पट्टी तळपायाला टेकवून आकडा वाचला: 70.2. पण बाळाचा गुडघा वाकलेलाच होता. आमच्यातल्या एका निवृत्त मुख्यसेविकेनं हलक्या हातानं दोन्ही गुडघे दाबले, टाचा पट्टीला सरळ टेकवल्या आणि पुन्हा वाचलं. आता 71.6. वजन तेच होतं. पण लांबी वाढली की त्या लांबीला हवं ते वजनही वाढतं. पहिल्या आकड्यावर ‘मध्यम’ गटात बसणारी मुलगी दुसऱ्या आकड्यावर ‘तीव्र’ कुपोषित निघाली. मध्यम म्हणून ती घरी गेली असती. तीव्र ठरली म्हणून ग्राम बाल विकास केंद्रात तिचं नाव लागलं आणि दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं भरवणं सुरू झालं.

यात सेविकाताईंचा काहीच दोष नाही. गृहभेटी, पोषण आहार, लसीकरणाचा दिवस, वर मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरणं, हे सगळं त्या करतात. फक्त गुडघा कसा दाबायचा हे हात धरून त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि शिकवायला येणार कोण? त्या तालुक्यात पोषणशास्त्र शिकलेलं माणूस आम्हाला शोधूनही सापडलं नाही.

आम्ही नाशिकमधल्या काही आहारतज्ज्ञ, गृहविज्ञानाच्या प्राध्यापिका आणि एकात्मिक बालविकास योजनेत आयुष्य घालवलेल्या निवृत्त मुख्यसेविका. आमचं मंडळ लहान आहे. आजवर आम्ही शिबिरं घेतली, पाककृती स्पर्धा घेतल्या, लाडू वाटले. त्यातून फोटो निघाले, आयांशी ओळखी झाल्या, पण आम्ही जीपमध्ये बसून परत आलो की पाड्यावर मागे काहीच उरत नव्हतं. म्हणून हे आवाहन यंदा वेगळ्या कामासाठी आहे. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या, बारावी किंवा पदवी झालेल्या आठ मुलींना वर्षभर अभ्यासवृत्ती देऊन पोषणशास्त्रात तयार करायचं आहे.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत आणि 25.6 टक्के उंचीच्या मानानं लुकडी. लुकड्या मुलांचं देशाचं प्रमाण 19.3 टक्के, म्हणजे आपलं श्रीमंत म्हणवणारं राज्य देशाच्याही मागे आहे. हे आकडे मुंबईत कळतात, दिल्लीत कळतात. ज्या पाड्यावरच्या पोरांवरून ते निघतात, तिथे मात्र ते कधी परत येत नाहीत. काही वर्षांपूर्वी बाहेरच्या एका संस्थेची तुकडी आमच्या ओळखीच्या गावात आठ दिवस राहिली होती. बायकांनी शेतीची कामं टाकून त्यांना माहिती दिली, बोटातून रक्त दिलं. अहवाल इंग्रजीत निघाला असं ऐकलं, गावानं तो पाहिला नाही. ‘माझ्या रक्तात काय निघालं ते तरी सांगा,’ असं एक बाई आम्हालाच विचारत होती, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं.

गावातली बाई हे शास्त्र शिकू शकते का, असं आम्हाला हमखास विचारलं जातं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1990च्या दशकात 39 गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत केलं. त्या नवजात बाळांचं वजन घ्यायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायच्या. तिथला नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी उतरला, हे 1999 साली जगानं वाचलं. तिकडे आफ्रिकेतल्या पोषणतज्ज्ञांनीही 2002 पासून आपल्याच माणसांना नेतृत्वासाठी घडवायचा कार्यक्रम चालवला आहे. पोषणाचे प्रश्न आपल्या मातीतले असतील तर ते विचारणारी माणसंही त्याच मातीतली हवीत, एवढंच आमचं म्हणणं.

आता नागलीचंच (नाचणीचंच) बघा. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पॉलिश तांदळात दहाही नसतं. तरी बाळाला देतात तांदळाची पातळ पेज. का? कारण नागलीची पेज घट्ट होते, बाळ गिळत नाही. मग पाणी घालायचं. बाळाचं पोट केवढंसं, ते पाण्यानंच भरतं. आपल्या आज्या नागलीला मोड आणून, सावलीत वाळवून सत्त्व करायच्या. मोड आलेल्या धान्यात तयार होणारं विकर (एन्झाइम) घट्ट पेज सैल करतं, पाणी न वाढवता. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी 1980च्या दशकात याच गोष्टीवर काम केलं: गरम पेजेत मोडाच्या पिठाचा एक चमचा. पण पीठ फार भाजलं तर विकर मरतं. सुरगाण्यातल्या घराघरांत आज ते कसं भाजतात, किती भाजतात, की करणंच बंद झालंय? हे चुलीपाशी बसून, तिथल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत विचारणारी मुलगी आपल्याला हवी आहे. आम्ही शहरातल्या बायका विचारतो तेव्हा आम्हाला बरं वाटेल तेच उत्तर मिळतं.

या मुली वर्षभरात अचूक मोजायला शिकतील. एकच बाळ दोघींनी दोनदा मोजायचं आणि आकडे ताडून पाहायचे, हा सराव जमेपर्यंत चालेल. चोवीस तासांत घरात कोणी काय खाल्लं याची नोंद त्या त्याच घरातल्या वाट्या-पळ्या मोजून घेतील, थोडं संख्याशास्त्र शिकतील. सगळ्यात अवघड काम शेवटी: आपल्या पाड्याचा अहवाल मराठीत लिहून ग्रामसभेत उभं राहून वाचायचा. पेठ आणि सुरगाणा पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली आहेत. तिथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी मिळतो, तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. ‘यातले इतके पैसे बाळांच्या तिसऱ्या जेवणासाठी ठेवा, आणि का ते मी सांगते,’ असं आकड्यानिशी बोलणारी गावचीच पोर उभी राहिली तर तिला गप्प बसवणं सोपं नाही.

खर्च असा आहे. एका मुलीची वर्षभराची अभ्यासवृत्ती, प्रवास, दर महिन्याला आठवडाभर नाशिकला राहणं-जेवण मिळून 1,20,000 रुपये. आठ जणींचे 9,60,000. वजनकाटे, लांबी-उंचीच्या फळ्या आणि दंडघेराच्या पट्ट्यांसाठी 90,000. एकूण 10,50,000. सभासदांनी आपसांत 2,15,000 जमवले आहेत, 8,35,000 हवे आहेत. कुणी एका मुलीचं पूर्ण वर्ष उचलावं, कुणी एका महिन्याचे दहा हजार द्यावेत, शंभर रुपयांचीही पावती मिळेल.

पैशाशिवायही पुष्कळ करता येईल. चालू स्थितीतला जुना लॅपटॉप द्या. दर महिन्याच्या मुक्कामासाठी पंचवटी किंवा म्हसरूळकडे दोन खोल्या हव्या आहेत. संख्याशास्त्र मराठीतून, न घाबरवता शिकवणारे शिक्षक हवे आहेत.

आणि दिंडोरी-निफाडच्या बागाईतदारांना एक कळकळीची विनंती. छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याची कुटुंबं तुमच्या द्राक्षबागांवर येतात. सोबतची लहान मुलं तिकडच्या अंगणवाडीतून सुटतात आणि इकडच्या अंगणवाडीत पोहोचत नाहीत. याच महिन्यांत त्यांची वजनं उतरतात. आमच्या मुलींना पंधरवड्यातून एकदा, अर्धा तास तुमच्या प्लॉटवर येऊन ही मुलं मोजू द्या. मजुरांच्या कामात खंड पडणार नाही, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत येऊ.

बिस्किटांचे पुडे मात्र पाठवू नका. बाळांसाठी डब्यातली दूधपावडर तर नकोच. अनाथालयं वगळता ती वाटायला 1992च्या कायद्यानं मनाई आहे, आणि गढूळ पाण्यात कालवलेल्या त्या पावडरीनं हगवण लागलेली बाळं आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत.

धनादेश किंवा यूपीआयनं देणगी मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी 5 ते 7 या वेळात स्वीकारली जाईल. मुलींची निवड मेअखेर होईल आणि दर तीन महिन्यांचा हिशोब कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागेल. पहिला मोजमापाचा सराव जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेठ तालुक्यात आहे. ज्यांना पावतीपेक्षा काम पाहायचं असेल त्यांनी आमच्याबरोबर यावं. सकाळी सहाला निघू, येताना डबा आणि छत्री घ्या.