नऱ्ह्याच्या फ्लॅटचं टोकन देण्याआधी

चि. ऋचास अनेक आशीर्वाद.

बँकेचं घरकर्जाचं इन-प्रिन्सिपलचं, म्हणजे तत्त्वतः मंजुरीचं, पत्र मिळाल्यावर तुझा झालेला आनंद मला समजतो. छप्पन्न लाखांचा आकडा छापील कागदावर दिसला की घर मिळालंच असं वाटतं. पण लोन खात्यात इतकी वर्षं काढलेली बाई म्हणून सांगते, त्या पत्रावर मालकाला दोन लाखांचं टोकन, म्हणजे बयाणा, देऊ नकोस.

बँकेने अजून फक्त तुला तपासलंय. तुझा पगार, सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासाचा स्कोअर), चालू हप्ते, एवढंच. फ्लॅटचा एकही कागद त्यांनी पाहिलेला नाही, आणि कर्ज अडतं ते बहुतेक तिथेच. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात 'मालमत्तेच्या कायदेशीर व तांत्रिक तपासणीच्या अधीन' अशा अर्थाची ओळ असेल, ती वाच. पत्राची मुदतही बघ, बहुधा तीन ते सहा महिन्यांची असते.

आता या फ्लॅटचं. नऱ्हे पुणे महापालिकेत आलं २०२१ साली, तेवीस गावं घेतली तेव्हा. तुझी बिल्डिंग त्याच्या कितीतरी आधीची, म्हणजे ग्रामपंचायतीच्या काळातली. त्या पट्ट्यात चांगल्या इमारतीही आहेत, पण गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगीशिवाय छोटे तुकडे पाडून विकलेल्या, जागेवर उभ्या राहिलेल्या, मंजूर नकाशापेक्षा मजला जास्त चढवलेल्या, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत मंजुरीप्रमाणे बांधली, राहायला हरकत नाही असा दाखला) कधी न घेतलेल्याही पुष्कळ आहेत. घरपट्टीची पावती, वीजबिल, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट सगळं असतं, लोक सुखाने राहत असतात, आणि तरी बँकेचा वकील नाही म्हणतो. आमच्याकडे एक जोडपं आलं होतं, दोघंही पगारदार, सिबिल उत्तम. फ्लॅट पाचव्या मजल्यावर आणि मंजूर नकाशा चार मजल्यांचा. लोन नाकारलं गेलं, आणि मालकाने टोकन परत केलं नाही. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून तुझ्यामागे लागले आहे.

कागद सगळे नीट निघाले तरी आकडा बदलू शकतो. बँक कराराची किंमत आणि आपल्या व्हॅल्युअरने, म्हणजे मूल्यांकन करणाऱ्याने, लावलेली किंमत यांतली कमी असेल ती धरते. तीस लाखांच्या वर पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्क्यांची. तुझे ५६ लाख हे कराराच्या ७० लाखांचे ८० टक्के, उरलेले १४ लाख तुझे. व्हॅल्युअरने ६२ लाखच लावले तर कर्ज होईल ४९ लाख ६० हजार. वरचे ६ लाख ४० हजार कुठून आणशील? मुद्रांक शुल्क तर या हिशोबात धरतच नाहीत. फ्लॅट फक्त तुझ्या नावावर घेतलास तर पुण्यात ते ६ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. म्हणजे तुझे १४ लाख आणि हे सगळं धरून हातात जवळजवळ पंचवीस लाख हवेत. तू साडेअठरा धरलेत.

आणि तू घेऊ म्हणतेस ती नवी नोकरी. पगार जास्त असेल, मान्य, पण लोनचे पैसे सुटेपर्यंत थांब. प्रोबेशनवरच्या माणसाची फाईल बँक पुन्हा उघडते. गाडीचं लोनही आत्ता नको, घराच्या हप्त्याची तुझी पात्रता त्या हप्त्याएवढी घटते. चार बँकांत एकदम अर्जही करू नकोस, प्रत्येक चौकशी सिबिलवर उमटते.

"मॅडम, टोकन टाका, लोन होतंच," असं एजंट म्हणाला ना? त्याला सांग, आधी मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालकाचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि आधीच्या खरेदीखतांच्या प्रती दे. त्या प्रती बँकेला देऊन सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासल्याचा वकिलाचा अहवाल) आणि व्हॅल्युएशन करून घे. त्याची फी गेली तरी चालेल. मालक तेवढं थांबायला तयारच नसेल, तर छोटी रक्कम दे, चेकने, आणि पावतीवर लिहून घे की कागदपत्रांमुळे किंवा कमी व्हॅल्युएशनमुळे लोन झालं नाही तर पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत. मालक सही करत नसेल तर तो फ्लॅट सोड.

घर तुला मिळावं असं मलाही फार वाटतं गं. तू इथे, आमच्याजवळ यावंस म्हणून तर बाबा उन्हातान्हात फ्लॅट बघत फिरले. रविवारी ते सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागणार आहेत. तोवर कुणालाही पैसे पाठवू नकोस, आणि एजंटाचा फोन आला की त्याला माझा नंबर दे.

तुझी आई