ग्रामसभेतला तासही ‘तास’च धरा

मा. संपादक,

प्राध्यापक भरतीच्या जाहिराती पुन्हा दिसू लागल्या, म्हणून हे पत्र. मी २७ वर्षे प्राणिशास्त्र शिकवले, त्यातली शेवटची १२ जैवविविधता संवर्धन.

जानेवारी २०२० मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गोळावलीच्या रानात चार वाघ विषबाधेने मेले. त्या आठवड्यात मी वर्गात अन्नसाखळी शिकवत होते. सत्तरीचीच एक मुलगी उठली, “मॅडम, ज्याचं जनावर वाघाने मारलं, त्याच्या घरी आधी कोण गेलं होतं?” ते रान ज्यात येते ते म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटर, घोषणा १९९९ ची, हे मला तोंडपाठ होते. तिला द्यायला उत्तर नव्हते.

कोविड ओसरल्यावर मी मुलांना ग्रामसभेत नेऊन बसवू लागले. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. एका गावात ती वही कपाटात होती, सदस्यांनीच उघडलेली नव्हती. मुलांनी वाचली. खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतातल्या, कोरगुट भाताला जेमतेम एक ओळ, मानशीचा, म्हणजे बांधातल्या पाणदाराचा, उल्लेखच नाही! मग आम्ही बांधावर गेलो. भरतीच्या लोटाने मानशीची दारे आपोआप कशी मिटतात, ओहोटीला कशी उघडतात, पुनवे-अवसेच्या उधाणाला राखण का लागते, हे मानस सांभाळणाऱ्या काकांनी दाखवले. कोरगुट खार सोसते, पण बांधच फुटला तर त्याचाही निभाव लागत नाही. दारे गळत होती, आणि ग्रामसभेत ते सांगायला काकांचा जीव धजत नव्हता. माझ्या एका विद्यार्थ्याने आठवडाभर त्यांच्याबरोबर बसून त्यांना बोलते केले. सभेत काका बोलले, तो गप्प शेजारी बसला. संवर्धनाचे नेतृत्व शिकवायचे म्हणजे माझ्या लेखी हे शिकवायचे.

हे तास माझ्या कार्यभारात कधीच धरले गेले नाहीत. बढतीच्या फायलीत शोधनिबंधांना गुण होते, या कामाला रकाना नव्हता. माझी नोकरी कायम होती, निभावले. आता हा विषय लेक्चर बेसिसवरच्या एका तरुण मुलीकडे आहे. तिला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, बांधावरच्या तासाचे नाहीत. पदरच्या पेट्रोलने रविवारच्या ग्रामसभा तिने किती काळ कराव्यात? पुढच्या जूनमध्ये ती असेल की नाही हेही ठाऊक नाही, आणि गावाचा विश्वास बसायलाच तीन पावसाळे जातात.

उच्च शिक्षण संचालनालयाला आणि गोवा विद्यापीठाला कळकळीची विनंती: ग्रामसभेतले, खाजनातले तास प्रात्यक्षिक म्हणून कार्यभारात धरा, आणि या विषयाचा शिक्षक निदान पाच वर्षांसाठी नेमा.

त्या मानशीला यंदा मिरगाआधी नवी दारे बसली. ती पाहायला पुढची तुकडी कोण नेणार, ते अजून ठरलेले नाही.

– एक निवृत्त प्राध्यापिका, फोंडा