नखं तुटली की कॅल्शियम कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या पूर्व भागात माझं औषधाचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक विडी वळणाऱ्या बायका. ‘ताई, नखं तुटायलेत की ओ, कॅल्शियमच्या गोळ्या द्या,’ असं म्हणत कुणी ना कुणी येतंच. नखावर पांढरा ठिपका दिसला तरी मागणी तीच. माझा गल्ला कमी झाला तरी चालेल, पण हे लिहायलाच हवं. नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनतं, त्यात कॅल्शियम अगदी नगण्य असतं. नखं तुटण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. पांढरे ठिपकेही बहुधा नखाच्या मुळाशी बसलेल्या बारीकसारीक माराचे असतात.

खरं कारण बायकांच्या कामात आहे. तेंदूची पानं भिजवायची, ओल्या फडक्यात ठेवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची आणि विडीचं तोंड नखानं मुडपून बंद करायचं. पाणी लागलं की नख फुगतं, वाळलं की आकसतं. दिवसभर हेच चाललं की त्याचे थर सुटायला लागतात. एका अक्कांचा अंगठा मी दुकानाच्या दारात उजेडाला धरून पाहिला. टोकाशी नख कांद्याच्या सालीसारखं पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटलेलं आणि ज्या कडेनं त्या विडी मुडपतात नेमकी तीच कड झिजलेली. त्यात आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड. पाण्याच्या दिवशी धुणं, भांडी, फरशी सगळं एकदमच उरकायचं, म्हणजे साबण-सोड्यात हात तासन् तास. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की कोरडी हवा उरलीसुरली ओलही ओढून घेते.

याला उपाय महागाचा नाही. रात्री काम आटोपल्यावर हात दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवावेत, टिपून लगेच नखांना आणि कडेच्या कातडीला पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल चोळावं. भांडी-धुण्याला रबरी मोजे, आत सुती मोजे. विडीसाठी अंगठ्याचं नख राखावं लागतं हे मला कळतं, पण बाकीची तरी बारीक ठेवावीत. मात्र आठवड्यात गुण येत नाही. हाताचं नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात.

एवढं करूनही फरक पडत नसेल, जिना चढताना धाप लागत असेल, डोळ्यांची खालची पापणी आतून पांढुरकी दिसत असेल, तर रक्त तपासा. लोह कमी पडलं की नखं पातळ होतात, ठिसूळ होतात, कधी मध्ये इतकी खोलगट होतात की पाण्याचा थेंब तिथेच थांबतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय.

आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते इथे. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकदम घेतली तर कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. बायका दोन्ही गोळ्या एकाच घोटात घेतात, तोही चहाचा! चहानंही लोह कमीच शोषलं जातं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, कॅल्शियम डॉक्टरांनी दिलंच असेल तर ते दुसऱ्या वेळेला.

थकवा, बद्धकोष्ठ, केस गळणं, थंडी सोसत नाही अशी लक्षणं सोबत असतील तर थायरॉइड तपासावं. नखांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची सध्या फार चलती आहे. त्यांचा पुरावा थोडक्या रुग्णांवरच्या छोट्या अभ्यासांपुरता आहे, शिवाय त्यांच्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. तपासणीआधी तसं डॉक्टरांना सांगाच.

एक-दोनच नखं पिवळी, जाड, भुगा पडणारी झाली तर ती बुरशी असू शकते. दुकानातून कुठलीही ट्यूब उचलून लावू नका. सिव्हिलच्या त्वचारोग विभागात नखाचा खरवड तपासून घ्या, कारण औषध कित्येक आठवडे चालतं. नखात नवी काळी उभी रेघ उमटली तर मात्र थांबूच नका, लगेच दाखवा.

विडी कारखान्यांत आरोग्य शिबिरं होतात, बीपी-शुगर पाहतात आणि जाताना कॅल्शियमची पाकिटं सरसकट हातात ठेवतात. आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे: त्या पैशात प्रत्येकीचं हिमोग्लोबिन तपासा, कमी असेल तिला लोहाच्या गोळ्या द्या आणि त्या कशा घ्यायच्या याचं पत्रक मराठीबरोबर तेलुगूतही छापा.

आपली,
एक औषध विक्रेती, अशोक चौक परिसर, सोलापूर