नायसियाच्या आधीचं पत्र

रविवारच्या पुरवणीतला ‘येशू देव कधी झाला’ हा लेख वाचला, आणि इसवी सन ३२५ च्या, ख्रिस्ती धर्मगुरूंच्या नायसिया परिषदेत मतदान घेऊन येशूला देव ठरवलं हे त्यातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याचं, बायबलच्या नव्या करारातलं फिलिप्पैकरांस पत्र इसवी सन ६० च्या आसपासचं, म्हणजे परिषदेच्या अडीचशेहून जास्त वर्षं आधीचं, आणि त्याचा दुसरा अध्याय उघडून बघा, येशू देवाच्या स्वरूपात होता, त्याने दासाचं रूप घेतलं आणि त्याच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल असं तिथे सरळ लिहिलंय. हे गुडघ्याचे शब्द यहुद्यांच्या धर्मग्रंथातल्या यशया या पुस्तकाच्या ४५ व्या अध्यायातले आहेत, तिथे ते परमेश्वर स्वतःबद्दल बोलतो, मीच देव, दुसरा कोणी नाही असं सांगून! एकाच देवाला मानणाऱ्या यहुदी घरात वाढलेला पौल ते येशूला लावतो, हे काही चुकून झालेलं नाही. परिषदेत वाद होता तो पुत्र म्हणजे येशू हा पित्याच्याच, म्हणजे देवाच्याच, तत्त्वाचा आहे की निर्माण केलेला, यावर. कोणी हा विश्वास मानो वा न मानो, तो ज्याचा त्याचा प्रश्न, पण तो नंतर चिकटवला असं छापण्याआधी निदान ही दोन पानं शेजारी ठेवून वाचायला हवी होती.

– एक वाचक